एजंट सारखा मरतोय? आधी बघा, मारतंय कोण

प्रश्न: नमस्कार ताई, मी पुण्यात एका पतसंस्थेच्या आयटी विभागात आहे. पोस्टग्रेस डेटाबेसचे दोन सर्व्हर, दोन्हीवर पोस्टग्रेस एक्स्पोर्टर (डेटाबेसचे आकडे देणारा मॉनिटरिंग एजंट), वर ते आकडे साठवणारं प्रोमिथियस आणि त्यांचे ग्राफ दाखवणारं ग्राफाना असा नेहमीचा सेटअप. बरेच दिवस झाले रात्री दोनच्या सुमारास ग्राफमधे भोकं पडतात, सकाळी बघावं तर सर्व्हिस हिरवी. आमचे सिनियर म्हणतात की रीस्टार्ट ऑलवेज लावलेलं आहे, आपोआप उठतो ना, मग कशाला खणत बसतोस. मला पटत नाही. जर्नलमधे, म्हणजे सर्व्हरच्या लॉगमधे, रात्री दोनच्या आसपास बघितलं तर काहीच सापडलं नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: तुम्हाला पटत नाहीये ते अगदी बरोबर आहे आणि सिनियरना मान देऊनही सांगते, हे सोडून देण्यासारखं नाही. एजंट उगाच कुठल्यातरी वेळी मरत नाही, बहुतेक वेळा डेटाबेसला त्रास होत असतो तेव्हाच मरतो, म्हणजे ज्या दहा मिनिटांचा ग्राफ तुम्हाला सगळ्यात जास्त हवा असतो नेमका तोच गायब. रीस्टार्ट ऑलवेजने सर्व्हिस उठते पण मेली का ते तसंच राहतं.

जर्नल रिकामं दिसलं त्याचं कारण आधी बघू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ग्राफाना वेळ दाखवतं ती तुमच्या ब्राउझरची, म्हणजे भारतीय वेळ. सर्व्हर मात्र बऱ्याचदा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असतो. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून रात्रीचे दोन म्हणजे सर्व्हरच्या जर्नलमधे आदल्या तारखेचे २०:३०. तिथे बघा. टाइमडेटसीटीएल ही कमांड दिली की सर्व्हर कुठल्या झोनमधे आहे ते लगेच कळतं. आणि एक, सर्व्हर मधे रीबूट झाला असेल आणि वार-लॉग-खाली जर्नल नावाची डिरेक्टरीच नसेल तर आधीचं जर्नल फक्त मेमरीत होतं, ते गेलं. ती डिरेक्टरी आजच करून ठेवा, पुढच्या वेळी तरी पुरावा राहील.

आता मुख्य गोष्ट. प्रोसेस मरते ती चारच प्रकारे: स्वतःहून मरते, कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा मारतो, सुपरव्हायझर म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालवणारं सिस्टमडी किंवा कंटेनर चालवणारं कुबरनेटीस यांच्यासारखं कोणीतरी मारतं, नाहीतर माणूस किंवा माणसाने लावलेला ऑटोमेशनचा जॉब मारतो. चौघांचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून कॉन्फिगला हात लावायच्या आधी कोण ते ठरवा. सिस्टमडीला सर्व्हिसची एन-रीस्टार्ट्स ही प्रॉपर्टी विचारा. हा आकडा फक्त सिस्टमडीने आपोआप केलेल्या रीस्टार्टचा असतो. तो वाढलाय म्हणजे प्रोसेस खरंच पडली. तो शून्य आहे आणि तरी सर्व्हिस सुरू झाल्याची वेळ आज पहाटेची आहे, तर बाहेरून कोणीतरी स्टॉप-स्टार्ट केलंय आणि मग एक्स्पोर्टरच्या लॉगमधे डोकं घालून काही मिळणार नाही.

पडली असेल तर कशी पडली ते जर्नलच्या त्याच ओळीत असतं. स्टेटसमधे ९ आणि किल दिसलं म्हणजे सिगकिल, जबरदस्तीने मारायचा सिग्नल, प्रोसेसला शेवटचा शब्द लिहायलाही वेळ मिळालेला नाही, त्यामुळे तिच्या स्वतःच्या लॉगमधे काही सापडणार नाही हे गृहीत धरा. शेल किंवा कंटेनरमधे हेच १३७ म्हणून दिसतं, १२८ अधिक ९. १३९ असेल तर सेगफॉल्ट, म्हणजे प्रोग्रॅमने मेमरीत नको तिथे हात घातला. एक्झिट कोड १ किंवा २ असेल तर मात्र प्रोग्रॅम स्वतः काहीतरी बोलून मेलाय, त्याच्या वरच्या पाचदहा ओळी नीट वाचा, कॉन्फिगची फाइल वाचता आली नाही, एक्स्पोर्टरचा पोर्ट ९१८७ आधीच कोणीतरी धरलाय, असं काहीतरी साधंच निघतं.

तुमच्या केसमधे रोज ठराविक वेळी होतंय म्हणून माझा पहिला संशय सिगकिल आणि मेमरी. कर्नलचं जर्नल त्याच वेळेचं काढा आणि ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. इथे दोन वेगळ्या ओळी असतात आणि लोक हमखास गल्लत करतात. ओळ ‘मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी’ अशी सुरू होत असेल तर अख्ख्या सर्व्हरची मेमरी संपलेली नाही, एक्स्पोर्टरच्या युनिटला, म्हणजे सिस्टमडीतल्या त्याच्या सर्व्हिसला, कोणीतरी मेमरी मॅक्स लावलंय आणि ती मर्यादा ओलांडली म्हणून फक्त त्यालाच मारलं. ओळ साधी ‘आउट ऑफ मेमरी’ असेल तर पूर्ण मशीनच संकटात होतं. अशा वेळी कर्नल सहसा मेमरी जास्त खाणाऱ्यालाच उचलतो, म्हणजे बळी जायला हवा पोस्टग्रेसचा. तरी एक्स्पोर्टर गेला असेल तर एकतर तो खूपच फुगला होता नाहीतर पोस्टग्रेसला संरक्षण दिलेलं आहे. पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनमधेच सांगितलंय की मुख्य प्रोसेसला ओओएम (आउट ऑफ मेमरी) स्कोअर अ‍ॅडजस्ट उणे १००० द्यावं, म्हणजे कर्नल त्याला हात लावत नाही. ते दिलेलं असेल तर उत्तम, तसंच ठेवा. एक्स्पोर्टरलाही उणे १००० द्यायचा मोह मात्र टाळा. जागा कमी पडली तर एजंट मेलेला परवडतो, डेटाबेस मेलेला परवडत नाही.

आता फुगला का? रात्री दोनला तिथे काय चालतं ते क्रॉनमधे, म्हणजे ठरलेल्या वेळी चालणाऱ्या जॉबच्या यादीत, बघा. व्हॅक्यूम फुल (टेबल आवरून नव्याने लिहिणं), एखादा मोठा ऑल्टर टेबल (टेबलची रचना बदलणं), असलं काही असेल तर ते टेबलवर अ‍ॅक्सेस एक्स्क्लुझिव्ह लॉक घेतं, म्हणजे तोवर ते टेबल दुसऱ्या कोणाला वाचताही येत नाही. टेबलचा साइज मोजणाऱ्या क्वेरीला त्याच टेबलवर साधा अ‍ॅक्सेस शेअर लॉक लागतो, तो मिळत नाही, क्वेरी अडकते. प्रोमिथियसचा डिफॉल्ट टाइमआउट १० सेकंद आहे, तो कंटाळून निघून जातो, पण डेटाबेसमधली क्वेरी तशीच लटकलेली राहू शकते. पुढच्या मिनिटाला नवीन स्क्रेप, म्हणजे प्रोमिथियसची आकडे गोळा करायची फेरी, येतो, नवीन क्वेरी, तीही अडकते. असं करत करत कनेक्शन साठतात, एक्स्पोर्टरच्या पोटात गोरुटीन (एकाच वेळी चालणारी त्याची छोटी कामं) साठतात आणि मेमरी चढत जाते. हे ताडून बघायला एक्स्पोर्टर स्वतःबद्दल जे मेट्रिक देतो तेच घ्या, गो-गोरुटीन्स आणि प्रोसेस-रेसिडेंट-मेमरी-बाइट्स, आणि भोक पडायच्या आधीची पंधरा मिनिटं बघा. रेष सरळ असेल आणि अचानक तुटली असेल तर ही गोष्ट नाही. जिन्यासारखी चढत गेली असेल तर हीच आहे.

तसं निघालं तर उपाय डेटाबेसच्या बाजूला करा. मॉनिटरिंगच्या रोलला, म्हणजे एजंट ज्या खात्याने डेटाबेसमधे शिरतो त्याला, स्टेटमेंट टाइमआउट ५ सेकंद लावा, ऑल्टर रोलने एका ओळीत होतं, लॉकसाठी थांबलेला वेळही त्यात धरला जातो. तो प्रोमिथियसच्या टाइमआउटपेक्षा कमीच हवा, नाहीतर उपयोग नाही. त्याच रोलला कनेक्शन लिमिटही घाला, चारपाच पुरतात. पोस्टग्रेसची मॅक्स कनेक्शन्स डिफॉल्ट १०० असतात, त्यातली सुपरयूजरसाठी (सगळे अधिकार असलेल्या खात्यासाठी) ३ राखीव, आणि एजंटने दहावीस धरून ठेवली तर तुमच्या सभासदांचं अ‍ॅप बाहेर उभं राहणार. मॉनिटरिंगमुळे डेटाबेस अडला ही वेळ कुणावर येऊ नये. एजंट सुपरयूजर म्हणून चालत असेल तर तेही बदला, पोस्टग्रेस १० पासून, म्हणजे २०१७ पासून, पीजी-मॉनिटर हा तयार रोल आहे, तो पुरतो.

आणि स्क्रेपमधे किती ओळी येतात ते एकदा मोजा. एक्स्पोर्टरच्या मेट्रिक्स पानाच्या ओळी मोजल्या की कळतं, किंवा प्रोमिथियसमधे स्क्रेप-सॅम्पल्स-स्क्रेप्ड बघा. शाखेनिहाय वेगळा स्कीमा (टेबलांचा स्वतंत्र गट) असेल तर टेबलं हजारोंनी होतात आणि प्रत्येक टेबलमागे डझनभर मेट्रिक. यातलं डॅशबोर्डवर किती लागतं? बहुतेक काहीच नाही. टेबलनिहाय आकडे गोळा करणारा तो कलेक्टर बंद करा, मेमरी तिथेच अर्धी होते असं मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

प्रश्न: आमचा मायएसक्यूएलचा एजंट बरोबर दर अर्ध्या तासाने रीस्टार्ट होतो. लॉगमधे कसलीच एरर नाही, मेमरी व्यवस्थित, सीपीयू व्यवस्थित. एजंटचं व्हर्जन बदलून झालं. (कोल्हापूर)

उत्तर: बग असा घड्याळ लावून येत नाही. बरोबर अर्ध्या तासाने म्हणजे जॉब आहे. तुमच्याकडे पपेट, म्हणजे सर्व्हरचं कॉन्फिग आपोआप ठरल्याप्रमाणे ठेवणारं टूल, आहे का विचारा, त्याची डिफॉल्ट फेरी ३० मिनिटांची असते. नेहमीचा प्रकार असा की एजंटची कॉन्फिग फाइल टेम्प्लेटमधून बनते आणि त्या टेम्प्लेटमधे कोणीतरी ‘ही फाइल अमुक वेळी तयार झाली’ अशी ओळ घातलेली असते. वेळ दरवेळी वेगळी, म्हणून पपेटच्या मते फाइल दरवेळी बदलली, म्हणून सर्व्हिसला रीस्टार्टचा निरोप. ती एक ओळ काढली की थांबेल. दुसरी शक्यता, पासवर्डची फाइल एजंट स्वतः किंवा दुसरी एखादी स्क्रिप्ट बदलते आणि पपेट ती परत मूळपदावर आणतो, दोघांची रस्सीखेच चालू. पपेटच्या रिपोर्टमधे कुठल्या फाइलमुळे कुठली सर्व्हिस रिफ्रेश झाली ते स्पष्ट लिहिलेलं असतं. रोज पहाटे एकदाच होत असतं तर मी लॉगच्या जुन्या फाइली बाजूला करणारा लॉगरोटेट बघायला सांगितलं असतं.

प्रश्न: नमस्कार. मी बंगळुरूला असतो, आमचं सगळं कुबरनेटीसवर आहे. डेटाबेस मॅनेज्ड (क्लाउड कंपनी चालवते तो) आहे, एक्स्पोर्टर पॉडमधे, म्हणजे कुबरनेटीसच्या कंटेनरच्या डब्यात. डेटाबेसवर लोड आला की पॉड रीस्टार्ट, लोड उतरला की शांत. लोड जास्त वेळ राहिला तर क्रॅश-लूप-बॅकऑफ. मेमरी लिमिट दुप्पट केली, चौपट केली, फरक शून्य. पॉडच्या लॉगमधे बघावं तर नुकताच सुरू झाल्याच्या चार ओळी. टीममधे आता सगळे म्हणतायत की एक्स्पोर्टरच बेकार आहे, दुसरा आणू.

उत्तर: दुसरा आणला तरी हेच होईल, थांबा जरा.

लॉगमधे चार ओळी दिसतात कारण तुम्ही नवीन कंटेनरचा लॉग बघताय. मेलेल्याचा बघायला लॉग्स कमांडला प्रीव्हियस लावायचं. आणि त्याच्याही आधी पॉडचं डिस्क्राइब करा, लास्ट स्टेटमधे ओओएम-किल्ड (मेमरी संपली म्हणून मारला) लिहिलंय का ते बघा. मला वाटतं नसेल, कारण मेमरी चौपट करून फरक पडला नाही असं तुम्हीच म्हणताय. खाली इव्हेंट्समधे ‘लाइव्हनेस प्रोब फेल्ड’ असं दिसेल, पैज नाही लावत पण खात्री वाटते.

कारण सांगते. लाइव्हनेस प्रोब, म्हणजे कंटेनर जिवंत आहे का ही कुबरनेटीसची तपासणी, बऱ्याच जणांनी मेट्रिक्सच्याच पाथवर लावलेला असतो, दिसायला ते बरोबरही वाटतं. पण एक्स्पोर्टरचं मेट्रिक्सचं पान उघडलं की प्रत्येक वेळी डेटाबेसवर खऱ्या क्वेरी जातात. प्रोबचं डिफॉल्ट असं की दर १० सेकंदांनी विचारायचं, १ सेकंदात उत्तर हवं, लागोपाठ ३ वेळा नाही आलं की कंटेनर मारायचा. डेटाबेस लोडखाली आला, क्वेरीला १ सेकंदाऐवजी ३ सेकंद लागायला लागले, की अर्ध्या मिनिटात कुबलेट, मशीनवर कंटेनर सांभाळणारा कुबरनेटीसचा भाग, तुमचा एक्स्पोर्टर मारतो. तो बिचारा जिवंत होता, फक्त डेटाबेसची वाट बघत होता. वरून, प्रोमिथियस मिनिटाला एकदा विचारत असेल तर प्रोब सहा वेळा, म्हणजे आधीच दमलेल्या डेटाबेसवर जादा क्वेरी तुम्हीच टाकताय.

लाइव्हनेसने एवढंच विचारायचं असतं की ही प्रोसेस उत्तर देतेय का. डेटाबेस बरा आहे का हा प्रश्न त्याचा नाहीच, एक्स्पोर्टर मारून डेटाबेस बरा होत नाही. प्रोब एक्स्पोर्टरच्या मुख्य पानावर, म्हणजे नुसत्या स्लॅशवर लावा, ते पान डेटाबेसकडे जात नाही, नाहीतर पोर्ट उघडा आहे का एवढंच बघणारा टीसीपी प्रोब सरळ लावा. टाइमआउटही १ वरून ५ करा.

क्रॅश-लूप-बॅकऑफबद्दल पण लिहिते कारण त्याचा त्रास लक्षात येत नाही. पडलेला कंटेनर पुन्हा उठवण्याआधी कुबरनेटीस पहिल्यांदा १० सेकंद थांबतं, मग २०, मग ४०, असं दुप्पट होत होत ५ मिनिटांपर्यंत जातं, आणि कंटेनर सलग १० मिनिटं नीट चालला तरच परत पहिल्यापासून मोजायला लागतं. म्हणजे लोडच्या काळात तुम्हाला पाच पाच मिनिटं काही दिसत नाही. सिस्टमडीचं गणित वेगळं, तिथे डिफॉल्टला १०० मिलिसेकंद थांबून लगेच उठवतो आणि १० सेकंदांत ५ वेळा पडला की हात टेकतो, ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ म्हणतो आणि कोणी रीसेट करेपर्यंत उचलत नाही. पण कोणी रीस्टार्ट-सेक (उठवण्याआधी थांबायचा वेळ) ५ सेकंद केलेलं असेल तर १० सेकंदांत ५ वेळा पडणं शक्यच नाही, मग तो रात्रभर पडत-उठत राहतो आणि मर्यादा कधी लागतच नाही. तुमच्या टीममधे जे व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) काम करतात त्यांना हे दाखवा.

प्रश्न: ओरॅकलचं विचारलं तर चालेल का? ओरॅकलच्याच मॉनिटरिंग टूलचा, एंटरप्राइझ मॅनेजरचा, एजंट आहे, आवृत्ती १२सी. जुना लिनक्स, त्यावर बऱ्याच डेटाबेस इन्स्टन्स. एजंट दिवसातून बरेचदा आपोआप रीस्टार्ट होतो. लॉगमधे आउट-ऑफ-मेमरी एरर दिसली म्हणून जावाची हीप (जावा प्रोग्रॅमला दिलेली मेमरी) १२८ एमबीवरून ५१२ केली. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता १ जीबी करू का? (नागपूर)

उत्तर: चालेल की. पण १ जीबी करायच्या आधी ती एरर पूर्ण वाचा, तिथेच सगळं आहे.

जावामधे आउट-ऑफ-मेमरी एरर या एकाच नावाखाली वेगवेगळे आजार येतात. पुढे ‘जावा हीप स्पेस’ लिहिलं असेल तर हीप कमी पडली, वाढवणं योग्य, एका एजंटवर टार्गेट (लक्ष ठेवायचे डेटाबेस वगैरे) भरपूर असली की १२८ पुरत नाहीच. पण पुढे ‘अनेबल टू क्रिएट न्यू नेटिव्ह थ्रेड’ असेल तर हीपचा संबंधच नाही. ऑपरेटिंग सिस्टमने नवीन थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारं काम) द्यायला नकार दिलाय, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एन-प्रॉक, म्हणजे किती प्रोसेस आणि थ्रेड चालू शकतात ती मर्यादा. ती प्रोसेसला नसते, यूजरला असते. तुमचा एजंट आणि सगळे डेटाबेस एकाच ओरॅकल यूजरने चालत असतील, आणि तसंच असतं, तर डेटाबेसच्या सगळ्या बॅकग्राउंड आणि सर्व्हर प्रोसेस त्याच खात्यात मोजल्या जातात. रेड हॅट लिनक्स ६ वर सॉफ्ट लिमिट १०२४ येते, ७ वर ४०९६. ओरॅकलच्या इन्स्टॉलच्या वेळी कोणी वाढवली नसेल, किंवा वाढवली पण एजंट जिथून सुरू होतो तिथे ती लागू होत नसेल, तर दुपारी सेशन वाढले की एजंटला थ्रेड मिळत नाही आणि तो कोसळतो. चालू एजंटच्या पीआयडीखाली (प्रोसेसच्या क्रमांकाखाली) प्रॉकमधली लिमिट्स फाइल बघा, लिमिट्स-कॉन्फमधे काय लिहिलंय त्यावर जाऊ नका, प्रोसेसला प्रत्यक्षात काय मिळालंय ते तिथे दिसतं. मग त्या यूजरचे एकूण थ्रेड मोजा, पीएसला एल लावून, कारण साधं पीएस थ्रेड दाखवत नाही. दोन आकडे जवळ आले असतील तर उत्तर मिळालं. दोन दिवस बरं वाटलं ते बहुधा एजंट नव्याने सुरू झाला आणि सेशन कमी होते म्हणून.

रीस्टार्ट कोण करतं ते ईएम-एजंट-नोहप या फाइलमधे मिळेल. एजंटच्या सोबत वॉचडॉग चालतो, तो एजंट पडला किंवा उत्तर देईनासा झाला की पुन्हा उठवतो आणि तिथे वेळेसकट नोंद करतो. जीसी-एजंट लॉगमधे एजंटची बाजू, नोहपमधे वॉचडॉगची, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एकदा ईएमसीटीएल स्टेटस एजंट या कमांडचं उत्तरही पूर्ण वाचा, शेवटचा अपलोड कधी यशस्वी झाला आणि अपलोडच्या फाइल सिस्टमवर जागा किती आहे हे त्यात येतं. डिस्क भरत आली असेल तर एजंट कलेक्शनच थांबवतो आणि लोक समजतात एजंट मेला.

प्रश्न: डेटाबेसचा पासवर्ड बदलल्यापासून एजंट डाऊनचे अलर्ट येतायत, मी रात्रभर रीस्टार्ट करतेय, उठतो आणि परत डाऊन. (ठाणे)

उत्तर: रीस्टार्ट करणं थांबवा, एजंट मेलेलाच नाहीये. प्रोमिथियसमधे ‘अप’ आणि ‘पीजी-अप’ असे दोन वेगळे मेट्रिक आहेत, मायएसक्यूएल असेल तर मायएसक्यूएल-अप. ‘अप’ १ आहे आणि ‘पीजी-अप’ ० आहे म्हणजे एक्स्पोर्टर ठणठणीत, त्याला डेटाबेसमधे शिरता येत नाही. जुना पासवर्ड त्याच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमधे राहिलाय. फाइल बदला, एकदाच रीस्टार्ट करा. अलर्टही दोन वेगळे करा, एकाच नावाने दोन्ही येत असतील तर पुढच्या वेळी रात्री कोणीतरी दुसरी पुन्हा अशीच जागेल.

आणि तिसरा अलर्ट सगळ्यांनीच लावावा, वरच्या सगळ्या पत्रांना लागू आहे म्हणून इथे सांगते. एक्स्पोर्टर प्रोसेस-स्टार्ट-टाइम-सेकंड्स देतो. गेल्या तासात त्याची किंमत किती वेळा बदलली ते चेंजेस फंक्शनने मोजा आणि दोनपेक्षा जास्त झाली तर मेल येऊ द्या, रात्री उठवणारा कॉल नको, सकाळचा मेल. सर्व्हिस दोन स्क्रेपच्या मधेच पडून उठली तर ‘अप’ कधी शून्य दिसतच नाही, या मेट्रिकमधे मात्र ते पकडलं जातं.

प्रश्न: रीस्टार्टमुळे काउंटर शून्यावर येतात, मग आमचे क्वेरी पर सेकंदचे आकडे चुकतात का? (छत्रपती संभाजीनगरहून एक विद्यार्थी)

उत्तर: प्रोमिथियसचं रेट फंक्शन काउंटर खाली आला की रीसेट झाला असं समजून हिशोब जुळवतं, त्यामुळे तिकडची काळजी नको. शिवाय एक्स्पोर्टर मेला तरी क्वेरीचे काउंटर डेटाबेसच्या आतच असतात, ते शून्य होत नाहीत. शून्य होतात ते डेटाबेस क्रॅश झाला किंवा कोणी स्टॅटिस्टिक्स रीसेट केले तर. म्हणून एजंट रीस्टार्टच्या वेळीच हे काउंटरही शून्यावर आलेले दिसले तर एजंट सोडा आणि पोस्टग्रेसचा लॉग उघडा. तिथे ‘दुसरी सर्व्हर प्रोसेस क्रॅश झाल्यामुळे कनेक्शन बंद करतोय’ अशा अर्थाची ओळ असेल तर डेटाबेसचीच एखादी प्रोसेस मारली गेली आहे आणि सगळी कनेक्शन तुटली आहेत. ते आधी तुमच्या डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, सांगा, आजच.